पोकरमध्ये कोणी कमी चिप्सनी ऑल-इन गेलं, तर आधी बेट लावणाऱ्याला पुन्हा रेझ करता येते का?

नाही, करता येत नाही. (ऑल-इन म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावणं, कॉल म्हणजे समोरच्या बेटइतकं भरणं, रेझ म्हणजे ती बेट वाढवणं.) वाढ पूर्ण रेझइतकी नसेल तर आधी बेट लावलेल्या किंवा कॉल केलेल्या खेळाडूपुढे दोनच रस्ते राहतात: फरक भरा, नाहीतर पानं टाका.

तुम्ही खरं तर चार गोष्टी विचारल्या आहेत. कमीत कमी रेझ किती, ही अपुरी ऑल-इन, "कॉल... आणि वर पाचशे" असं म्हणणं चालतं का, आणि साइड पॉट, म्हणजे ऑल-इन गेलेल्याचा हक्क नसलेला वेगळा ढीग, कसा मोजायचा. माझा भर दुसऱ्या गोष्टीवरच राहील. याच नियमावरून माझं आणि माझ्या एका जुन्या मित्राचं वाजलं होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

आधी मोजमाप. नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा हा प्रकार, ज्यात बेटला वरची मर्यादा नसते) त्या फेरीत आधी झालेल्या सगळ्यात मोठ्या बेटइतकी किंवा वाढीइतकी तरी पुढची वाढ असावी लागते. ब्लाइंड (पानं वाटण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा) 50-100 आहेत आणि कोणी 300 केले, म्हणजे त्याने 200 ने वाढवलं. पुढच्याची रेझ किमान 500 पर्यंत. इथे "दुप्पट कर" म्हणत 600 मागणारे खूप भेटतात, ते चूक आहेत. फ्लॉपनंतरची (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांनंतरची) पहिलीच बेट 300 ची असली तर वाढ पण 300 च, म्हणून तिथे 600 येतात. तेवढ्यावरून दुप्पटीचा समज पसरला आहे.

आता तो डाव. ब्लाइंड 50-100, फ्लॉपला आम्ही चौघे, पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 400. फ्लॉपवर दोन बदाम, माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी; अजून एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश. सगळ्यात आधी बोलायचं होतं त्या मित्राने. गटात त्याला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. त्याने 300 लावले, मी 300 चा कॉल केला. माझ्या पुढचा "ऑल-इन" म्हणाला आणि उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. डीलरने त्या बोटांनी पसरून मोजल्या: शंभराच्या चार, पंचविसाच्या दोन. एकूण 450. चौथ्याने पानं टाकली.

पाळी परत दादाकडे आली आणि त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स ढकलल्या. त्याची त्या फेरीतली एकूण रक्कम झाली 2,400.

मी म्हटलं, "दादा, हे चालत नाही. वाढ दीडशेची आहे, पूर्ण रेझ तीनशेची. तू दीडशे भर नाहीतर सोड."

"ऑल-इन म्हणजे रेझच ना? रेझ आली की माझी पाळी पुन्हा उघडली."

"पूर्ण रेझ आली तर उघडते."

यावर टेबलावरचा एक जण म्हणाला, "जाऊ दे रे, दादा आपल्या सगळ्यांच्या आधीपासून खेळतोय." झालं, निकाल लागला! नियम काय आहे हे कोणी बघितलंच नाही, कोण किती जुना आहे तेवढं बघितलं.

आता माझ्यावर काय आलं ते बघा. नियमाप्रमाणे गेलं असतं तर दादाच्या दीडशेनंतर पॉट 1,600 झाला असता आणि मला फक्त 150 भरून पुढचं पान बघता आलं असतं. न दिसलेली पानं 47, त्यातले बदाम 9. एवढ्या स्वस्तात ते पान कोणीही बघेल. त्याऐवजी मला 2,100 भरायचे होते, 3,550 च्या पॉटसाठी. म्हणजे भरून पुरायला शंभरात 37 वेळा तरी जिंकायला हवं. टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं पान) मिळून बदाम येण्याची शक्यता शंभरात सुमारे 35, त्यातही बदाम येऊन हरण्याची भीती वेगळीच. मी पानं टाकली. त्या किमतीला तोच निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन.

पुढे बदाम आलाच नाही, ना टर्नला ना रिव्हरला. तेव्हापासून हा विषय निघाला की दादाचं एकच: "बघ, माझ्यामुळे तुझ्या चिप्स वाचल्या." मला राग येतो तो या वाक्याचा. निकाल बरोबर होता की नाही हे रिव्हरचं पान कसं ठरवणार? तो निर्णय दिला तेव्हा टर्न आणि रिव्हर उलटे पडलेले होते. बदाम आला असता तर तो निर्णय चूक, नाही आला म्हणून बरोबर, असं कुठे असतं का? मला 150 ला पान बघायचा हक्क होता. ते पान कुठलं निघालं याचा त्या हक्काशी काडीचाही संबंध नाही.

नियम असा का आहे तेही सांगतो, कारण दादासारखी माणसं "कुठल्यातरी कागदावर लिहिलंय" म्हणून झटकून टाकतात. दादाने स्वतः ठरवून 300 लावले. किती लावायचे हा त्याचा निर्णय घेऊन झाला होता. मी ती किंमत बघून आत आलो. पूर्ण रेझ कोणी केली नाही तर दादा मला आणखी दाबू शकणार नाही, हे धरूनच मी कॉल केला. तिसऱ्याच्या चिप्स संपल्या, एवढ्यावरून दादाला दुसरी संधी का मिळावी? शिवाय ती पळवाट उघडी ठेवली तर दोघांचं संगनमत सोपं होतं. एकाने मोठी बेट लावायची, साथीदाराने थोड्या चिप्स घेऊन ऑल-इन जायचं, की पहिला पुन्हा मोकळा आणि मध्ये सापडलेला कॉल करणारा चिरडला. हा नियम मलाही तेवढाच बांधत होता. दादाने 150 भरले असते तर मलाही 150 च भरता आले असते, रेझ नाही.

आणि दादाचं हत्यार नियमाने काढून घेतलेलं नव्हतं. मला हाकलायचंच होतं तर टर्नवर साइड पॉटमध्ये पाहिजे तेवढी बेट लावायला तो मोकळा होता. फक्त एक पान थांबायचं होतं. तेवढंही थांबायचं नव्हतं!

टूर्नामेंटचे नियम एकसारखे असावेत म्हणून 2001 मध्ये पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन स्थापन झाली. त्यांच्या नियमांत हे स्पष्ट आहे. मी ते दाखवल्यावर दादाने त्यातलाच पहिला नियम काढला: खेळाचं हित आणि न्याय सगळ्यात वर, आणि कधी कधी त्यासाठी तांत्रिक नियम बाजूला ठेवावा लागतो. अहो, पण तो नियम विरळा प्रसंगांसाठी आहे. अपुरी ऑल-इन ही रोज टेबलावर येणारी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी वेगळा नियम लिहून ठेवलाय. हाच दादा ऑनलाइन खेळतो तेव्हा अशा वेळी स्क्रीनवर रेझचं बटणच येत नाही, आणि तिथे तो मुकाट्याने कॉल करतो. सॉफ्टवेअरशी वाद घालताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

आता अपवाद, कारण ते सांगितले नाहीत तर तुमच्या टेबलावर कोणीतरी मलाच पकडेल. ज्याची पाळी अजून आलेलीच नाही तो रेझ करू शकतो. आमचा चौथा करू शकला असता, किमान 750 पर्यंत (450 अधिक पूर्ण वाढ 300). त्याने केली असती तर दादाची पाळी खरोखर उघडली असती. दुसरं, अपुऱ्या ऑल-इन एकामागून एक आल्या आणि पाळी परत येईपर्यंत त्यांची मिळून वाढ पूर्ण रेझइतकी झाली, तरीही उघडते. तिसऱ्याचे 450 आणि चौथ्याचे ऑल-इन 620 असते तर दादापुढे 320 ची वाढ आली असती, आणि मग त्याला रेझ करता आली असती. माझी हरकत राहिली नसती.

"कॉल... आणि वर पाचशे" चालत नाही. पाळी असताना तोंडातून निघालेला पहिला शब्द बांधतो, तो कॉल झाला. आधी "रेझ" म्हणा, मग आकडा सांगा. न बोलता चिप्स टाकायच्या असतील तर एकाच हालचालीत टाका. थोड्या ठेवून, समोरच्याचा चेहरा बघून परत गठ्ठ्याकडे हात नेणं म्हणजे स्ट्रिंग बेट, ती मान्य करू नका. समोर बेट असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात, चिप कितीही मोठी असो.

साइड पॉट आमच्याच डावावर मोजा. आधीचे 400 आणि तिघांचे 450-450 मिळून मुख्य पॉट 1,750, त्यावर तिघांचा हक्क. त्यानंतर दादा आणि मी लावू ते सगळं वेगळ्या ढिगात, त्यात ऑल-इनवाल्याचा वाटा नाही. पानं उघडताना आधी साइड पॉटचा निकाल लावा, मग मुख्य. तीन-चार जण वेगवेगळ्या रकमांनी ऑल-इन असतील तर सगळ्यात लहान रकमेपासून सुरुवात करून एकेक ढीग बाजूला काढत जा, याहून जास्त इथे लिहीत बसत नाही.

आणि तुम्ही लिमिट होल्डेम खेळत असाल तर वरचं सरसकट लावू नका. तिथे ऑल-इनमधली वाढ ठरलेल्या बेटच्या निम्मी किंवा जास्त असली तर ती रेझ धरतात आणि पाळी उघडते. दादा पहिल्यांदा लिमिटच शिकला होता, आणि आमच्या डावातले 150 म्हणजे 300 च्या बरोबर निम्मे. त्याचा समज तिथूनच आलाय असं मला वाटतं. मी हे त्याला सांगितलंही आहे. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबरच होतो ना!" नाही दादा, आपण नो-लिमिट खेळत होतो.