खेळाडूचं तोंड आणि कराराची कलमं

अभिव्यक्तिस्वातंत्र्य घटनेने दिलंय. मग क्लब खेळाडूला गप्प बसवतोच कसा?

घटनेचं हे संरक्षण मुख्यतः सरकारविरुद्ध असतं. खासगी क्लबाशी गाठ पडली की करार काढून वाचावा लागतो. 2016 मध्ये वंशभेद आणि पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. त्या मोसमानंतर अमेरिकी फुटबॉलच्या एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याची तक्रार मात्र भाषणस्वातंत्र्याची नव्हती. संघमालकांनी संगनमत करून मला बाहेर ठेवलं, अशी ती होती, कारण युनियनच्या सामूहिक करारात (सगळ्या खेळाडूंच्या वतीने युनियन मालकांशी करते त्या करारात) संगनमताला बंदी होती. 2019 मध्ये लीगने तडजोड केली. ते कलम हाताशी होतं म्हणून दाद मागता आली.

कोट्यवधी कमावणारा माणूस ‘कामगार’ कसला?

पगार मोठा असला म्हणून माणूस मालकाची वस्तू होत नाही. बेसबॉलपटू कर्ट फ्लड सेंट लुईसकडून 12 मोसम खेळला. 1969 मध्ये त्याला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. पगार वर्षाला 90,000 डॉलर. तरीही त्याने बेसबॉल लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं : माझी इच्छा न बघता विकायला-घ्यायला मी कुणाची मालमत्ता नाही. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो 5-3 ने हरला; तोवर कारकीर्दही आटोपली होती. पण 1970 च्या सामूहिक करारात युनियनने तटस्थ लवाद पदरात पाडून घेतला होता. त्याच वाटेने 1975 मध्ये दोन पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) मोकळे झाले आणि हवा तो संघ निवडण्याची दारं उघडली. फ्लडच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही, हे मला आजही बोचतं.

बुटांवर संदेश लिहिला तर?

गणवेशाचे नियम सगळ्यात कडक. डिसेंबर 2023 मध्ये पर्थ कसोटीत उस्मान ख्वाजाच्या बुटांवर ‘सगळ्यांचे जीव सारखेच’ अशा अर्थाचा मजकूर होता. आयसीसीची परवानगी नव्हती, म्हणून त्याने तो टेपने झाकला आणि दंडावर काळी फीत बांधली. फितीबद्दलही त्याला ताकीद मिळाली. इतक्या साध्या वाक्याला परवानगी लागावी, हे मला पटत नाही. पण मैदानाबाहेर तो बोलत राहिला.

खेळायलाच नकार दिला तर?

एकट्याने दिला तर बहुधा करारभंग. 26 ऑगस्ट 2020 ला मिलवॉकी बक्स हा अमेरिकेतला अख्खा बास्केटबॉल संघ निषेध म्हणून मैदानात उतरला नाही. करारात संपबंदी असूनही लीगने त्या दिवसाचे सामने पुढे ढकलले. तेव्हा आधी सहकाऱ्यांशी आणि युनियनच्या वकिलाशी बोला.