परीक्षण लिहायला घेतलंस, तर आधी हे ऐक

तुझ्या चित्रपट परीक्षणाचा मसुदा वाचला. निम्मी जागा गोष्ट सांगण्यातच गेलीये. कथा चार ओळींत उरक, तीही मध्यंतरापर्यंतचीच.

‘कोर्ट’ (२०१४) संथ आहे, एवढं लिहून तू मोकळा झालास. अरे, पण संथ का? कॅमेरा लांब, एका जागी ठाण मांडून बसलेला. आपणच कोर्टातल्या मागच्या बाकावर कंटाळत बसलोय असं वाटतं. सरकारी वकीलबाई दिवसभर कलमं वाचतात, मग मुलाला घेऊन घरी येतात आणि थेट स्वयंपाकाला लागतात. बचावाचा वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन निवडत असतो. दोघांमधलं अंतर कुणी बोलून दाखवत नाही. हे लिही की! ‘छायाचित्रण उत्तम’ हे तर कुणीही लिहील.

बातमीच्या बाबतीत मात्र मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका चित्रपटाची ‘कानला निवड’, म्हणजे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, असं निर्मात्याच्या पत्रकात होतं, मी तसंच छापलं. प्रत्यक्षात तो खेळ तिथल्या फिल्म बाजारात पैसे भरून लावलेला होता. त्यामुळे विभाग कोणता, ते महोत्सवाच्या अधिकृत यादीत बघ. व्हेनिसच्या महोत्सवात ‘कोर्ट’ जिंकला तो ओरिझोंती या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात. त्याच दिग्दर्शकाचा, चैतन्य ताम्हाणेंचा, ‘द डिसायपल’ मात्र तिथेच २०२० साली मुख्य स्पर्धेत होता, त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला.

आणि हो, खेळाचा पास निर्मात्याने दिला असेल तर तसं खाली लिहून टाक. तारे शेवटी दे. नाही दिलेस तरी चालेल, मी कधीच देत नाही.