मुलगी म्हणते, नाटकच करणार आणि संस्थाही चालवणार

पालकांचं पत्र (थोडक्यात) :
मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी कोल्हापुरातच बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले, सीए करेल असं वाटलं होतं. पण कॉलेजात एकांकिका बसवायला लागली, युवा महोत्सवात बक्षीस मिळालं आणि आता म्हणते, दिग्दर्शक होणार, इथंच स्वतःची नाट्यसंस्था काढून चालवणार. ग्रुपच्या जमाखर्चाची वही पण हीच ठेवते. मला नाटकाचा राग नाही, आमच्या वडिलांनी केशवराव भोसले नाट्यगृहात कितीतरी नाटकं बघितल्यात. पण ह्यातनं पोट भरतंय का? शिकायचं कुठं? मुंबईला जावं लागतंय का? आणि तालमी रात्री अकरापर्यंत चालतात, त्याचं काय करायचं?

नमस्कार.

पोटाचं तुम्ही आधी विचारलंत, म्हणून त्याचं आधी सांगतो. नुसतं दिग्दर्शन करून कोल्हापुरात घर चालत नाही. समजा, एका प्रयोगाला तीनशे तिकिटं गेली आणि दर दीडशे रुपये. गल्ला झाला ४५,००० रुपये. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, लाइट आणि साउंडवाल्याचे पैसे, नेपथ्य न्यायचा टेम्पो, लेखकाचं मानधन, मेकअप, कपडेपट, जाहिरात, चहा-नाश्ता वजा करा. उरेल ते पंधरा जणांत वाटायचं. आणि तीनशे तिकिटं जाणं ही चांगली संध्याकाळ झाली. शंभर गेली की दिग्दर्शक स्वतःच्या खिशाला हात घालतो. म्हणूनच आपल्याकडची बरीच चांगली हौशी मंडळी दिवसा डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत कारकून आणि संध्याकाळी नाटकवाले असतात. कोल्हापूरच्याच ‘प्रत्यय’ नाट्यसंस्थेचे शरद भुथाडिया डॉक्टर आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. जमाखर्चाची वही हीच ठेवते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या मते सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे. एकांकिका बसवणारी मुलं दरवर्षी प्रत्येक कॉलेजातून चार-दोन निघतात. पैसे कुठून आले, कुठे गेले, पुढचा प्रयोग कशावर करायचा, हे ज्याला कळतं असं पोर क्वचित निघतं. संस्था बंद पडतात त्या बहुतेक दिग्दर्शन वाईट म्हणून नव्हे, तर हे काम करायला कोणी नसतं म्हणून. लेकीचं बी. कॉम. वाया गेलं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं मनातून काढून टाका.

हे काम असतं कसं, ते एका प्रयोगावरून बघा. लेखकाची लेखी परवानगी हवी, तोंडी ‘करा की’ चालत नाही. नाटकाची संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यायची, आणि ते शेवटच्या आठवड्यात होत नाही. तारीख मिळवायची, अनामत भरायची, पोलिसांचा परवाना काढायचा. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, हे माहीत असलं तर तिकिटाचा दर ठरवताना उपयोगी पडतं. प्लॅन खुला करायचा म्हणजे तिकीटविक्री सुरू करायची, खिडकीवर विश्वासाचा माणूस बसवायचा. प्रयोगाला लाइटचं सामान वेळेत पोचलं नाही तर तिसरी घंटा कोण थांबवणार, हेही आधी ठरलेलं असावं लागतं. प्रयोग संपल्यावर रात्री एक वाजता टेम्पोत लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) चढवताना पावत्या गोळा करायच्या, कारण अनुदान मागायला गेलं की पावत्याच मागतात. मुलीला विचारा, यातलं तिनं काय काय केलंय. अर्धं केलं असेल, पण ‘हे पण करिअर असतं’ असं तिला कोणी सांगितलं नसेल.

याचं उदाहरण शोधायला कोल्हापूरबाहेर जायला नको. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचा जन्म १८९० चा. १९०८ साली, अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. आपण त्यांना गायक-नट म्हणून ओळखतो. पण मंडळी चालवायची म्हणजे पन्नास माणसांचं जेवणखाण, मुक्काम, पगार, पडदे, गावोगावचे करार, आणि हे सगळं रोजचं. ते १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले आणि तरीही मंडळी बंद पडली नाही, बापूराव पेंढारकरांनी ती पुढे नेली. मालक गेला तरी चालू राहील अशी घडी बसवणं हे अभिनयाइतकंच मोठं कसब आहे, फक्त त्याला टाळ्या पडत नाहीत.

शाहू महाराजांनी १९१५ साली बांधून पुरं केलेलं पॅलेस थिएटर पुढं केशवरावांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, ते जळालं. त्या आठवड्यात रडलं नाही असं नाटकवाल्यांचं घर कोल्हापुरात नसेल. पण पुन्हा उभारायची वेळ येते तेव्हा रडून भागत नाही. विंगा किती रुंद हव्यात, लाइटचे बार कुठे, नेपथ्याचा ट्रक मागे लागेल का, आगीच्या वेळी प्रेक्षक कुठून बाहेर पडणार, हे महापालिकेच्या अभियंत्याला त्याच्या भाषेत, कागदावर, निविदा निघायच्या आधी सांगणारा माणूस लागतो. त्याला रंगमंचही कळायला हवा आणि फाइलही. असं माणूस आपल्याकडं घडवतच नाहीत, हे माझं जुनं दुखणं आहे.

तुमची मुलगी म्हणते तसं ‘इथंच राहून’ करता येतं का, याचं उत्तर सीमेपलीकडं बघा. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली, १९८० मध्ये तिथं नाट्यशाळा निघाली, १९८५ पासून ‘तिरुगाट’ हा फिरता नाट्यसंच कर्नाटकभर प्रयोग करतो. खेड्यात राहून सुब्बण्णांना १९९१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोल्हापूर तर केवढं मोठं शहर. अमेरिकेतल्या प्रादेशिक थिएटरांत कलाविषयक प्रमुख आणि व्यवस्थापकीय प्रमुख अशी दोन माणसं बहुधा वेगळी असतात, दोघांनाही पगार असतो. आपल्याकडं दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात, निदान पहिली दहा वर्षं.

शिक्षणाचं म्हणाल तर घरापासून सुरुवात करा. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथं एकदा तिच्याबरोबर जाऊन अभ्यासक्रम बघून या. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स इथं पदव्युत्तर अभ्यास होतो. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे एनएसडी, तिथला तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. त्याला पदवी लागते, वयाची मर्यादा असते, आणि किमान सहा नाटकांत भाग घेतल्याचा पुरावा मागतात. तेव्हा युवा महोत्सवाची प्रमाणपत्रं, नाटकांची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं आजपासून एका फाइलीत. जागा थोड्या असतात, तिथं नंबर लागला नाही म्हणून मुलगी कमी ठरत नाही.

नाट्यव्यवस्थापनाची वेगळी पदवी शोधत बसू नका. ते शिकायचं चालू संस्थेत राबून. पुण्या-मुंबईच्या एखाद्या नाट्यसंस्थेत किंवा नाट्यमहोत्सवात वर्षभर व्यवस्थापनाचं काम करू दे. म्हणजे मुंबईला जावं, पण शिकायला. मालिकेत सहायक दिग्दर्शक म्हणून चिकटली तर पैसे बरे मिळतील, पण दिवसाचे बारा-चौदा तास जातील आणि कोल्हापूर राहून जाईल. तिला खरंच तेच हवं असेल तर हरकत नाही. फक्त तसं स्पष्ट ठरवून जावं.

उत्पन्नाची जुळणी कशी करायची? एका ठिकाणाहून होणार नाही, हे गृहीत धरा. शाळांना नाट्यशिक्षक हवे असतात. पदव्युत्तर पदवी असेल आणि नेट ही पात्रता परीक्षा पास असेल तर प्राध्यापकीचा दरवाजा उघडतो, जागा मात्र मोजक्या. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटासाठी, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिचं वय आत्ता त्यात बसतंय, ते टाळू नका. अनुदानं आहेत, पण ती उशिरा येतात. अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढून नाटक करू नये. आणि अकाउंटन्सी तिला येतेच. अर्धवेळ हिशेबाचं काम घेतलं तर दुपारी चारनंतर ती मोकळी. पहिली पाच वर्षं हाच आधार धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

एक काम मात्र पदवी मिळाल्यावर लगेच करायचं: संस्थेची नोंदणी. किमान सात जण लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. घाई का, तर कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा, घ्यायचा असेल तर संस्थेकडं बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखली जाणारी आयकर खात्याची नोंदणी आणि किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. ती तीन वर्षं जितक्या लवकर मोजायला सुरुवात होईल तितकं बरं. कला-संस्कृती सीएसआरच्या यादीत आहे आणि शिरोली-गोकुळ शिरगावला कारखाने आहेत. तुमच्या मालकांना कधी विचारायचं, ते तुम्हीच ठरवा! सात जणांत सगळे मित्रच नसावेत. एक वकील, एक वयानं मोठा माणूस असू द्या, भांडणं झाली की उपयोगी पडतात. आणि भांडणं होतात. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं कोल्हापूर केंद्र आहेच, तिथं संस्थेच्या नावानं दोन अंकी नाटक उतरवायचं. एकांकिकेतून पूर्ण लांबीच्या नाटकावर येताना बरेच दिग्दर्शक धापा टाकतात. ती टिकते का, हे तिथं कळेल.

तालमीच्या वेळेबद्दल तुमची काळजी रास्त आहे आणि तिला ती मागासलेली वाटत असली तरी मला वाटत नाही. पण तालीम अकरापर्यंत का चालते? बहुतेक वेळा सातची वेळ दिलेली असते आणि शेवटचा नट साडेआठला येतो म्हणून. दिग्दर्शक तीच आहे. वेळ लावणं, साडेनऊला तालीम सोडणं, मुलींना घरी पोचवायची व्यवस्था करणं हेही तिचंच काम. तिच्याशी त्याच पद्धतीनं बोला. ‘नाटक बंद कर’ म्हणण्यापेक्षा ‘तालमीचं वेळापत्रक दाखव’ म्हणा. प्रयोगाच्या आठवड्यात उशीर होणारच, तेव्हा तुम्ही गाडी घेऊन न्यायला जा. जमलं तर आत बसून शेवटचा अर्धा तास तालीमही बघा.

पुढच्या वेळी पत्र तिला लिहायला सांगा. सोबत मागच्या एका प्रयोगाचा जमाखर्च आणि पुढच्या दोन अंकी नाटकाचं अंदाजपत्रक पाठवू दे. ते बघून कुठली संस्था, कुठला अभ्यासक्रम, कुठल्या वर्षी, हे नेमकं सांगता येईल.