विचारा, सांगते : सिनेमाची मुंबई बघायला येताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, सून आणि दोन नातवंडं असे तीन दिवसांसाठी मुंबईला येतोय. मुक्काम डोंबिवलीला पुतणीकडे. नातीला हिरोंचे बंगले बघायचेत, नातवाला शूटिंग. मी निवृत्त शिक्षक. दादासाहेब फाळक्यांशी संबंधित जे काही असेल ते डोळ्यांनी बघावं अशी फार दिवसांची इच्छा आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. तुम्ही सिनेमाच्या लाइनीत होता म्हणून विचारतो, सुरुवात कुठून करावी?
– एक आजोबा, जालना

उत्तर : गुरुजी, सुरुवात तुमच्या इच्छेपासूनच करा. फाळके आधी कळले तर मुलांना पुढच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागेल.

पहिल्या दिवशी डोंबिवलीहून अकराच्या सुमाराची फास्ट पकडा. त्याआधी सुट्टीतसुद्धा वहिनींना चढू देणार नाहीत इतकी गर्दी असते. सीएसएमटीला उतरा. ते शेवटचं स्टेशन असल्यामुळे फलाटावरून सरळ चालत बाहेर येता येतं, एकही जिना नाही. पलीकडच्या लाइनवर चर्चगेटचंही तसंच. गुडघेदुखीवाल्यांनी ही दोन स्टेशनं लक्षात ठेवावीत. बाहेर पडलात की टॅक्सी करा. वांद्रे-शीवच्या अलीकडे, म्हणजे जुन्या मुंबईत, रिक्षा चालत नाहीत. उगाच शोधत बसू नका.

टॅक्सीवाल्याला काळा घोडा सांगा. तिथे एस्प्लनेड मॅन्शन नावाची लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत आहे. पूर्वी ते वॉटसन हॉटेल होतं. १८९६ च्या ७ जुलैला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. इमारत बाहेरूनच बघायची आहे, तरी पाच मिनिटं थांबा आणि मुलांना सावेदादांची गोष्ट सांगा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं नाव. ही चित्रं बघून त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचा सामना टिपला. फाळक्यांच्या आधीचा हा मराठी माणूस आपण फार लवकर विसरलो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिथून रीगल हाकेच्या अंतरावर (१९३३ चं थिएटर) आणि टॅक्सीने थोडं पुढे चर्चगेटसमोर इरॉस (१९३८). मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती आणि ही थिएटरं एकाच घडणीची आहेत. हा सगळा पट्टा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. भूक लागली की मेट्रो थिएटरसमोर कयानीत जा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. बनमस्का, चहा आणि मावा केक घ्या. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर वहिनींना निवांत बसू द्या आणि परतीची गाडी नऊनंतरचीच धरा.

आता दादर. दादर पूर्वेला फाळके राहत होते त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चं काम याच भागात झालं. १९१३ च्या ३ मे रोजी तो ज्या कॉरोनेशनमध्ये लागला, ते गिरगावातलं थिएटर आता नाही. दादरलाही तिकीट काढून बघण्यासारखं काही नाही. रहदारीचा रस्ता, दुकानं, टॅक्सीचे हॉर्न. तरीही जा. आणि तिथे उभं राहून नातीला सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल सांगा. नवऱ्याच्या या वेडापायी त्यांनी दागिने दिले. सबंध युनिटचा स्वयंपाक त्या करत. आणि रात्री, घरात अंधार करून, कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम त्यांच्याकडे असे. त्या भोकांवरच फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकते. एक चुकलं की चित्र उडी मारतं. पडद्यावरची तारामती मात्र अण्णा साळुंखे या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना. बाई पडद्यावर नव्हती तेव्हाही सिनेमात होती. मी आयुष्यभर केशभूषेचं काम केलं, त्यामुळे मला हे मुलींना सांगावंसंच वाटतं.

दुसरा दिवस पेडर रोडवरच्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयासाठी ठेवा. फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महल नावाचा एकोणिसाव्या शतकातला बंगला आणि शेजारी नवी इमारत आहे; २०१९ च्या जानेवारीत ते खुलं झालं. सोमवारी बंद असतं, हे आधी बघा. बंगल्यात मूकपटापासून पुढचा इतिहास आहे, नव्या इमारतीत तंत्राचा आणि मुलांसाठीचा वेगळा मजला आहे. नातू तिथे रमेल. घाईने बघू नका, निदान तीन तास द्या. दुसरं काही कमी करा पण हे नको.

तिसऱ्या दिवशी नातवंडांचं. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ मध्ये उभी राहिली, २००१ मध्ये तिला फाळक्यांचं नाव मिळालं. गेटवर जाऊन आत सोडा म्हटलं तर सोडणार नाहीत. अधिकृत सहलीचंच तिकीट काढावं लागतं, ते निघण्याआधी काढा. डोंबिवलीहून येताना दादरला गाडी बदलण्यापेक्षा घाटकोपरला उतरा आणि मेट्रोने अंधेरीच्या बाजूला या. मेट्रोला लिफ्ट आहे. पुढे उपनगरात रिक्षा मिळते. तिसरा दिवस रविवारी येत असेल तर आदल्या दिवशीच्या पेपरात मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात तो) बघायला विसरू नका.

शूटिंग दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही. दिसलं तर नातवाला एकच सांगून ठेवा : नटाकडे बघू नकोस, बाकीच्यांकडे बघ. एका मिनिटाच्या दृश्यासाठी लाइटमन तासभर लाइट हलवत असतात, सेटिंगवाले भिंत उचलून बाजूला ठेवतात, स्पॉटदादा चहा घेऊन फिरत असतात, आणि कोपऱ्यात एखादी केशभूषाकार मोबाइलमधला फोटो बघत उभी असते. ती काय बघते, सांगते. कालच्या शॉटमध्ये नायिकेच्या गजऱ्याचं टोक डाव्या खांद्यावर होतं आणि त्याच प्रसंगाचा पुढचा शॉट आठवड्यानंतर लागला, तर ते टोक पुन्हा डाव्याच खांद्यावर यायला हवं. तेवढंच लांब, कळ्या तेवढ्याच उमललेल्या. मोगरा लाइटखाली बघता बघता मलूल होतो. म्हणून आम्ही ओल्या फडक्यात गजरे गुंडाळून ठेवायचो आणि दोन-दोन शॉटनंतर बदलायचो. कपाळावर आलेली बट कुठल्या भुवईला टेकली होती, तेही बघावं लागतं. प्रेक्षकाच्या हे कधी लक्षात येत नाही. चुकलं तरच येतं.

आणि बंगले. नात हट्ट करेल तर वांद्र्याच्या बँडस्टँडला जरूर न्या, मुलीचं मन मोडू नका. दिसणार आहे ते गेट, भिंत आणि गर्दी. अर्ध्या तासात तिचं समाधान होईल. मग त्याच रस्त्याने टोकाला पोर्तुगीजांचा वांद्र्याचा किल्ला आहे तिथे जा, सी-लिंक सुरेख दिसतो. परतताना हिल रोडच्या बाजूने आलात तर मेहबूब स्टुडिओ लागेल, १९५४ चा. चेंबूरचा राज कपूरांचा आर. के. स्टुडिओ गेला, कितीतरी स्टुडिओंच्या जागी टॉवर आले. जे उभे आहेत ते मुलांना निदान रस्त्यावरून दाखवा.

प्रश्न : जुलैत मुंबईचा पाऊस बघायला यावं असं आमच्या महिला मंडळात ठरतंय. घारापुरी आणि शूटिंग दोन्ही होईल का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : पाऊस मिळेल, बाकी दोन्ही अवघड. घारापुरीच्या लाँच समुद्र खवळला की बंद ठेवतात आणि उघड्यावरचं शूटिंग पावसात कमीच असतं. त्यापेक्षा नाटक बघा. दादरचं शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे आणि शनिवार-रविवारी मराठी नाटक बहुधा असतंच. मरीन ड्राइव्हला जाल तेव्हा भरतीची वेळ पेपरात बघा, आणि लाटा कठड्यावरून येत असतील तर कठड्यापाशी कुणीही उभं राहू नका. दर पावसाळ्यात तिथे माणसं ओढली जातात.

प्रश्न : मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या एकांकिकांत चांगलं काम करते. तिला फोन आला : ‘वेबसीरिजसाठी तुमची निवड झाली, फोटोशूट आणि आर्टिस्ट कार्डसाठी तीस हजार भरा, मुंबईत अमुक हॉटेलवर भेटा.’ ती हट्टाला पेटली आहे. मी काय करू?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, एक रुपयाही भरू नका आणि मुलीला त्या हॉटेलवर पाठवू नका, तुम्ही सोबत असलात तरीही.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. न बघता, न भेटता ‘निवड झाली’ असं कुठलाही निर्माता सांगत नाही. कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व फोनवरचा अनोळखी माणूस विकू शकत नाही. हे चार मुद्दे मुलीसमोर ठेवा, पण ओरडून नको. तिला कुणीतरी ‘तू निवडली गेलीस’ म्हटलंय, आणि या वयात ते ऐकायला किती गोड वाटतं हे मी सेटवर शेकडो मुलींच्या तोंडावर पाहिलंय. ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून पहाटेपासून उभ्या राहिलेल्या, पैसे बुडालेल्या, घरी तोंड दाखवायची लाज वाटणाऱ्या मुली मी केस विंचरता विंचरता ऐकल्या आहेत. बहुतेकींची सुरुवात अशाच एका फोनने झाली होती.

खऱ्या ऑडिशन होतात. अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगवाल्यांची कितीतरी ऑफिसं आहेत, दिवसाउजेडी दारं उघडी असतात, बाहेर मुलामुलींची रांग असते. पण तिथे उभं राहण्याआधी तिच्या गाठीला काम हवं. आणि ताई, तुम्ही तर सांगलीच्या दारात राहता! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं ते सांगलीत. तिथल्या हौशी संस्थेत तिला घाला, राज्य नाट्य स्पर्धेत उतरू द्या. पदवी झाली की पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, सिनेमा शिकवणारी एफटीआयआय ही संस्था आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा देऊन शिकता येतं. तिथून आलेल्या मुलीशी लोक वेगळ्या तऱ्हेने बोलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिला हेही विचारा की कॅमेऱ्यासमोरच यायचंय, की सिनेमात काम करायचंय? संकलन, ध्वनी, वेशभूषा, मेकअप, सगळीकडे मुली हव्या आहेत. आमच्या काळी बाईने केस करायचे आणि मेकअप पुरुषानेच करायचा, असा नियम होता. बाईला संघटनेचं मेकअपचं कार्डच मिळत नसे. २०१४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. त्या दिवशी मी रडले होते. तुमच्या मुलीला ते दार उघडं आहे.

पैसे आधीच भरले असतील तर हे वाचून झाल्याबरोबर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. फोन नंबर, मेसेज, पैसे भरल्याची पावती काहीही पुसू नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. मुलीला सोबत न्या; तक्रार तिच्या हाताने लिहू द्या.