उसाचं वाडं (शेंड्याकडची हिरवी पानं) आणि भरपूर सरकी पेंड देऊनही म्हैस खंगते. खनिजांची कमतरता असेल का?

असू शकते, कारण पेंडीतलं प्रथिन अंगी लागायला कोबाल्ट, जस्त, तांबं लागतंच. कोबाल्टवर कोठीपोटातले, म्हणजे म्हशीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव बी-१२ जीवनसत्त्व बनवतात. ते घटलं की मिथिओनिन हे अमिनो आम्ल शरीरात पुन्हा तयार होणं अडतं आणि भूकही मरते. जस्ताविना पेशींत नवं प्रथिन बनणं मंदावतं, म्हणून जखमा लवकर भरत नाहीत, खुरं कमजोर होतात. तांबं कमी असेल तर काळे केस तांबूस पडतात; डोळ्यांभोवती नीट बघा. आपल्या कोल्हापूरकडं महिनोन्‌महिने नुसतं वाडं घातलं जातं, तिथं हे हमखास तपासावं. दुभत्या म्हशीला रोज ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण भिजवलेल्या पेंडीत कालवून द्या. कोरडं टाकलं तर गव्हाणीच्या तळाशीच राहतं. मात्र पोटात जंत असले तरी जनावर असंच खंगतं, तेव्हा आधी शेण तपासून घ्या.