अक्कलदाढेभोवतीचा काळा डाग

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा. डावीकडे खालचा जबडा जरा फुगलाय, दुखत मात्र नाही. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, अडकलेल्या अक्कलदाढेभोवती मोठा काळा डाग दिसतो. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. सासूबाई म्हणतात, गाठीला सुरी लावली की पसरते. काय करू?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, तुकडा तपासून घ्या. जबड्यातल्या अशा गाठी तपासल्यानं पसरत नाहीत. नाव न कळता तशाच राहिल्या तर मात्र हाड पोखरतात, तेही न दुखता.

काळा डाग म्हणजे तिथलं हाड विरलंय, एवढंच. अडकलेल्या दाढेच्या माथ्याभोवती बहुधा पाण्याची पिशवी, म्हणजे डेंटिजेरस सिस्ट ही साधी पुटी असते. पण केराटोसिस्ट (घट्ट पांढऱ्या केराटिननं भरलेली पुटी) आणि अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींची गाठ) यांचीही आवडती जागा हीच, आणि फोटोत तिन्ही सारखे दिसू शकतात. केराटोसिस्ट हाडाच्या आतून लांबवर सरकतो, फुगवटा कमी देतो. अमेलोब्लास्टोमा हाड बाहेर फुगवतो. कधी इतकं पातळ करतो की अंगठ्यानं दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं करकरतं. तरी हा अंदाजच.

तुकड्याआधी सुई घालून बघतात, ते नक्की करून घ्या. पिवळसर पाणी आलं तर साधी पुटी वाटते. चक्क्यासारखं पांढरं, घट्ट आलं तर केराटोसिस्टचा संशय. नुसतं रक्तच भरभर येऊ लागलं तर तिथंच थांबायचं. रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर चिरणं जिवावर बेतू शकतं.

सांगलीत मी अशा तुकड्यांच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचंच काम करते. पलूसकडच्या एका मुलीची ‘साधी पुटी’ कुठेतरी काढली होती, पण तपासायला पाठवलीच नव्हती. दोन वर्षांनी तिचा तुकडा माझ्याकडे आला. गाठीतल्या पेशींच्या बेटांसारख्या पुंजक्यांच्या कडेनं उंच पेशींची रांग, केंद्रकं बुडापासून वर सरकलेली. अमेलोब्लास्टोमा. तोवर जबड्याची एक बाजू गेली होती. अजून जीव हळहळतो.

अमेलोब्लास्टोमा सहसा कॅन्सर नसतो. पण नुसता खरवडला तर परत येतो, म्हणून भोवतीच्या चांगल्या हाडासकट काढतात. केराटोसिस्टही परततो, त्यामुळे पुढं अनेक वर्षं फोटो काढत राहावं लागतं. साधी पुटी दाढेसकट निघते आणि हाड भरून येतं.

तुकड्याचा रिपोर्ट साधा आला तरी ऑपरेशनला निघालेली सगळी पिशवी तपासायला पाठवायला सांगा. अमेलोब्लास्टोमा कधी पुटीच्याच भिंतीत एका कोपऱ्यात असतो, छोट्या तुकड्यात सापडत नाही. तुकडा टिकवायच्या फॉर्मेलिन द्रवाच्या डबीवर मुलाचं नाव लिहिलंय ना, तेवढं स्वतः बघा.