वाफेची ट्राम हा फसलेला प्रयोग होता का?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी थेट विजेची आली. मग वाफेची ट्राम हा सगळीकडेच फसलेला प्रयोग मानावा का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे, आणि त्याला कारण सिडनी.

आपल्याकडचा इतिहास पाहता तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळी मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत एप्रिल १८८५ मध्ये ट्राम वाफेवरच धावू लागली, पण तिच्या गोंगाटाविरुद्ध इतकी ओरड झाली की पुढच्याच वर्षी घोडे जुंपावे लागले. कोलकात्यात १८८२ मध्ये इंजिने चालवून पाहिली, तरी शतक संपताना कंपनीकडे सुमारे १,००० घोडे आणि अवघी ७ इंजिने होती.

सिडनीतली सुरुवातही तात्पुरतीच होती. १८७९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी रेडफर्नच्या रेल्वे स्थानकापासून हंटर स्ट्रीटपर्यंत रूळ टाकले गेले आणि प्रदर्शन आटोपल्यावर ते काढून टाकायचे ठरले होते. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातून आणलेली इंजिने पाहिली तर प्रथमदर्शनी लहानसा डबाच वाटावा. रस्त्यावरचे घोडे बुजू नयेत म्हणून बॉयलर आणि बहुतेक यंत्रसामग्री चौकोनी सांगाड्यात झाकलेली, आणि धूर कमी व्हावा म्हणून भट्टीत कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेले इंधन. घोड्यांना दर काही फेऱ्यांनी विश्रांती द्यावी लागे. इंजिनाला पाणी आणि कोक मिळाला की ते चढावरही भरलेले डबे ओढत असे. लोकांना ही सोय इतकी पटली की रूळ निघाले नाहीतच, उलट १८८० मध्ये विस्ताराचा कायदा झाला.

माझ्या मते निर्णायक फरक यंत्रापेक्षा मालकीचा होता. सिडनीची ट्राम सरकारी रेल्वेच्या कारभाराखाली होती, त्यामुळे वाफेची इंजिने सांभाळणारे हात तयारच होते. कोलकाता आणि कराचीतल्या खासगी कंपन्यांना हा आधार नव्हता.

डिसेंबर १८९९ मध्ये सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर विजेची ट्राम आली आणि १९१० पर्यंत बहुतेक मार्गांवरून वाफ हटली, तरी कोगरा ते सान्स सूसी हा मार्ग १९३७ पर्यंत वाफेवरच चालला. विजेच्या ट्रामसाठी अल्टिमोला उभारलेल्या वीजघरात पुढे पॉवरहाऊस संग्रहालय झाले, आणि वाफेचे इंजिन क्रमांक १ए त्याच संग्रहालयाने जपले आहे.